सहानुभूती फाइलला टाचता येत नाही

९ ऑगस्ट २०१० रोजी पिट्सबर्गहून निघालेलं जेटब्लू कंपनीचं विमान न्यूयॉर्कला उतरलं. विमानातल्या एका कर्मचाऱ्याचं प्रवाशाशी वाजलं होतं. त्यानं ध्वनिक्षेपकावरून शिवी हासडली, आता पुरे झालं म्हणून जाहीर केलं, बिअर उचलली, आणीबाणीची घसरगुंडी उघडली आणि तिच्यावरून सरळ बाहेर. काही दिवसांत फेसबुकवर लाखाच्या वर लोक त्याच्या बाजूनं उभे राहिले. ‘आमच्या मनातलं केलंस, गड्या’ असा एकूण सूर. ऑक्टोबरात त्यानं न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि कंपनीला १०,००० डॉलर भरपाई द्यायचं मान्य केलं. नोकरी तोवर सुटलेलीच होती.

तुरुंग टळला, पण तो मानसिक आरोग्याच्या पर्यायी कार्यक्रमात वर्षभर उपचार घ्यायचे या अटीवर. त्याच्या वैतागाला न्यायालयानं जागा दिली ती या दारातून. लाखभर लोकांच्या टाळ्यांनी भरपाईतला एक डॉलरही कमी झाला नाही.

आपल्याकडे घसरगुंडी नसते, बाकी सगळं असतं. डबल ड्यूटी करून आलेला ड्रायव्हर अधिकाऱ्याला सगळ्यांसमोर सुनावतो. रजा नाकारलेला ऑपरेटर मशीन बंद करून खाली बसतो. कुणीतरी मोबाइलवर टिपतं आणि संध्याकाळपर्यंत तालुकाभर व्हिडिओ फिरतो. ‘बरोबर केलं त्यानं!’ दुसऱ्या दिवशी गेटवर वॉचमन लिफाफा देतो, आत निलंबनाचा आदेश. इथून पुढे जे घडतं ते प्रतिक्रियांच्या जगात नाही, फाइलच्या जगात घडतं. त्या फाइलमध्ये सहानुभूतीला शिरकाव नाही असं नाही, पण तिथे तिची नावं वेगळी आहेत: आधीची निष्कलंक सेवा, चिथावणी, शिक्षेचं प्रमाण. या नावांनी कागद आला तर आत, नाहीतर बाहेर.

सगळ्यात मोठं नुकसान पहिल्याच संध्याकाळी होतं. कामगाराला केबिनमध्ये बोलावतात, पाणी देतात, आवाज मऊ असतो. “अरे, लिहून दे की चूक झाली, पुन्हा होणार नाही. मी वर बोलतो.” कामगार दोन ओळी खरडतो आणि सही करतो. पंधरा दिवसांनी तोच कागद चौकशीत कंपनीचा पहिला दस्तऐवज म्हणून समोर येतो. ‘चूक झाली’ म्हणजे नेमकी कोणती, हे त्यात लिहिलेलं नसतं, त्यामुळे चार्जशीटमधलं, म्हणजे कंपनीनं दिलेल्या आरोपपत्रातलं, सगळंच कबूल असा अर्थ काढता येतो. माफी मागू नये असं माझं म्हणणं नाही. जे केलं तेवढ्याचीच मागावी, शब्द स्वतःचे असावेत, तारीख असावी आणि एक प्रत स्वतःकडे असावी. रागात लिहिलेल्या राजीनाम्याचंही तेच. मंजूर होण्याआधी तो मागे घेता येतो, पण मागे घेतल्याचा अर्ज पोच घेऊनच द्यायचा. ‘उद्यापासून येणार नाही’ असं तोंडानं म्हणून कुणी घरी बसला, तर कंपनीनं परस्पर नाव कापायचं हेही चालत नाही. १९९३ साली डी. के. यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सलग गैरहजेरीमुळे नोकरी आपोआप संपते असा नियम स्थायी आदेशांत (स्टँडिंग ऑर्डर्स, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्त यांचे कारखान्याचे लेखी नियम) असला तरी कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला काढता येणार नाही.

आता चार्जशीट. नेहमीच्या छापाचं एक वाक्य घ्या: ‘आपण दि. ११ रोजी दुपारी २.२० वा. सुपरवायझर यांना अश्लील शिवीगाळ केली, त्यांच्या अंगावर धावून गेलात, ४० मिनिटे उत्पादन बंद पाडले व समाजमाध्यमांवर कंपनीची बदनामी केली.’ वाक्य एक, आरोप चार, आणि चारांचं वजन सारखं नाही. शिवीगाळ हे बेशिस्त वर्तन. अंगावर धावून जाणं आलं की मामला हिंसेकडे सरकतो. उत्पादन बंद पाडणं म्हणजे नुकसान, आणि आणखी दोघे सोबत बसले असतील तर बेकायदा संपाचा वास. व्हिडिओ दुसऱ्याच कुणी टाकला असेल तर चौथा आरोप मुळातच या माणसावर बसत नाही.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी एक पत्र द्यावं लागतं आणि नेमकं तेच राहून जातं. शिवीगाळ म्हणजे नेमके शब्द कोणते? हजर कोण होतं? स्थायी आदेशांतल्या कोणत्या कलमाखाली हा आरोप आहे? कोणत्या कागदांवर कंपनी विसंबून आहे, त्यांच्या प्रती द्या. कलमाचा प्रश्न वरवरचा नाही. १९८३ साली ग्लॅक्सो लॅबोरेटरीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं धरलं, की जे कृत्य स्थायी आदेशांत गैरवर्तन म्हणून लिहिलेलं नाही, ते नंतर ओढूनताणून गैरवर्तन ठरवता येत नाही. कारखान्याच्या आवारात किंवा लगतच्या परिसरात केलेलं कृत्य असं कलमात असेल, तर लांब कुठेतरी झालेलं भांडण त्यात बसत नाही. चहाच्या टपरीवरच्या बाचाबाचीवरून निघणाऱ्या कितीतरी चार्जशीट या एका मुद्द्यावर लटकतात.

मग उत्तर. नेहमी येतं ते असं: ‘साहेब, त्या दिवशी माझं डोकं फिरलं होतं. सुपरवायझरचा त्रास सगळ्यांना माहीत आहे. माझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे, तरी गरिबावर दया करावी.’ पहिल्या वाक्यात सगळं कबूल. दुसऱ्यात ना तारीख, ना नाव. तिसऱ्यात दया मागितली आहे, आणि दया दाखवणं चौकशी अधिकाऱ्याच्या हातात नसतं. त्याचं काम आरोप सिद्ध झाले की नाही एवढंच सांगायचं. शिक्षा ठरवणारा अधिकारी वेगळा असतो, निदान असायला हवा.

हेच उत्तर असंही लिहिता येतं: ‘दि. ३ व दि. ७ रोजी सलग दोन पाळ्या लावल्याबाबत मी लेखी तक्रार केली होती, पोच सोबत जोडली आहे. उत्तर मिळाले नाही. दि. ११ रोजी पहिली पाळी संपल्यावर मला पुन्हा थांबवले गेले व माझ्या आजारपणावरून सहकाऱ्यांसमोर हिणवले गेले. त्यावर मी अमुक शब्द उच्चारले, त्याबद्दल मला खेद आहे. अंगावर धावून गेल्याचा आरोप मला मान्य नाही. व्हिडिओ मी काढलेला नाही व प्रसारित केलेला नाही. माझ्या आजवरच्या सेवेत एकही मेमो नाही.’ घटना तीच, माणूस तोच, राग तोच. पण आता चिथावणीला तारीख आहे, तक्रारीला पोच आहे, आणि कबुली फक्त शब्दांपुरती आहे. मेमो नसल्याचं खोटं मात्र कधी लिहू नये. सर्व्हिस बुक कंपनीकडे असतं.

निष्कलंक सेवा, चिथावणी आणि शिक्षेचं प्रमाण हे तीन मुद्दे मनानं काढलेले नाहीत. शिक्षा देताना गैरवर्तनाचं गांभीर्य, आधीचा रेकॉर्ड आणि दोष हलका किंवा गडद करणारी परिस्थिती लक्षात घ्यायची, असं केंद्र सरकारच्या आदर्श स्थायी आदेशांतच आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यानं, किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी पूर्वीची सेवा न बघता धक्कादायक शिक्षा देणं ही मालकाची अनुचित प्रथा ठरवली आहे. या कायद्याखालची तक्रार ९० दिवसांत करायची असते. ‘साहेब बोलले आहेत, थांब जरा’ या भरवशावर हे ९० दिवस भुर्रकन उडतात.

न्यायालयं या मुद्द्यांवर कशी झुकतात ते चार निकालांवरून कळतं. १९८२ साली रमाकांत मिश्र प्रकरणात आक्षेपार्ह, धमकीवजा भाषेसाठी केलेली बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानं अतिरेकी ठरवली आणि तिच्याऐवजी दोन वेतनवाढी रोखल्या. १९८४ साली डेल्टन केबल प्रकरणातही शिवीगाळीच्या आरोपावरची बडतर्फी टिकली नाही. टोकाची शिक्षा देताना व्यवस्थापनानं आधीचा एकही प्रतिकूल शेरा विचारात घेतल्याचं रेकॉर्डवर नव्हतं. या दोन निकालांच्या जोरावर ‘शिवीसाठी कुणी नोकरी घालवत नाही’ हा समज गेटवर अनेक वर्षं पक्का होता. २००५ साली महिंद्र अँड महिंद्रच्या खटल्यात तो मोडला. वरिष्ठाला गलिच्छ शिव्या, त्याही दोनदा, हाताखालच्या माणसांसमोर. कामगार न्यायालयानं कामावर घ्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी कायम केली, आणि दोष हलका करणारी काही परिस्थिती असती तर गोष्ट वेगळी, अशी फट ठेवली. तोल त्याच फटीवर आहे.

चौथा निकाल पुण्याचा, भारत फोर्जचा, आणि त्यावर लोक अजून हळहळतात. २६ ऑगस्ट १९८३, सकाळचे ११ वाजून ४० मिनिटं, कामाच्या जागी लोखंडी प्लेटवर कामगार गाढ झोपलेला सापडला. झोप लागली म्हणून नोकरी? कामगार न्यायालयालाही ते जास्त वाटलं आणि त्यानं कामगाराला निम्म्या मागील पगारासह परत घ्यायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयात निकाल आला २००५ साली, कंपनीच्या बाजूनं. वजन पडलं ते आधीच्या तीन गैरवर्तनांचं. झोपेच्या आधीचे तीन मेमो बातमीत येत नाहीत, म्हणून लोकांची हळहळ आणि निकाल यांच्यात इतकं अंतर दिसतं. आणि मधली वर्षं मोजा: १९८३ ते २००५. निकाल कामगाराच्या बाजूनं लागला असता तरी तोवर बावीस वर्षं गेलेली होती.

पैशाच्या अफरातफरीत तर लोकभावना आणि कायदा यांची भेटच होत नाही. उत्तर प्रदेश परिवहनच्या एका कंडक्टरचं प्रकरण २००३ साली सर्वोच्च न्यायालयात होतं. विनातिकीट प्रवाशांमुळे झालेलं नुकसान १६ रुपये. ‘सोळा रुपयांसाठी माणूस देशोधडीला?’ हे कुणीही म्हणेल. न्यायालयाचं म्हणणं, रक्कम किती हा एकच प्रश्न नाही, दुसऱ्याचे पैसे हाताळणाऱ्याची वृत्ती बघायची. रागात बोललेल्या शब्दाला परिस्थितीचा आधार मिळू शकतो, खिशात गेलेल्या नाण्याला नाही. बोनस दिला नाही म्हणून स्क्रॅप उचललं, पेट्रोल भत्ता अडवला म्हणून खोटी बिलं लावली, असली ‘हिशेब चुकता केला’ छापाची प्रकरणं बचाव करणाऱ्याच्या डोक्याला सगळ्यात जास्त ताप देतात. गाऱ्हाणं खरं असतं, पण ते सांगायला गेलं की हेतू आपोआप सिद्ध होतो.

खातेनिहाय चौकशीबद्दलही गैरसमज फार. ‘पुरावा कुठे आहे?’ म्हणून निर्धास्त बसणारे त्यात हमखास अडकतात. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावं लागतं, इथे शक्यतेचं पारडं कुठे झुकतं तेवढं पुरतं. पुरावा कायद्याचे काटेकोर नियम लागू नसतात. हरियाणाच्या एका कंडक्टरच्या प्रकरणात १९७७ साली, तपासनिसानं प्रवाशांचे जबाब घेतले नव्हते तरी त्याची साक्ष चालली. पण उलटतपासणीचा हक्क आहे, आणि खरं काम तिथेच होतं. कामगाराला बचाव प्रतिनिधी म्हणून सहकारी किंवा युनियनचा पदाधिकारी घेता येतो. वकील सहसा देत नाहीत, मात्र कंपनीच्या बाजूनं कायदा शिकलेला माणूस उभा असेल तर वकील नाकारणं अन्यायाचं ठरतं. मुंबई बंदराच्या १९८३ च्या नाडकर्णी प्रकरणानं हे सांगितलं आहे, अर्ज करताना त्याचं नाव घालावं.

उलटतपासणीत ‘तुम्ही खोटं बोलताय’ हे साक्षीदाराला सांगून काही मिळत नाही. प्रश्न लहान ठेवायचे. घटनेच्या वेळी तुम्ही कुठे उभे होता? मशीन चालू होतं का? मशीनच्या आवाजात शब्द ऐकू आले का? त्या दिवशी या कामगाराची कितवी पाळी होती? पाळी कुणी लावली? शेवटच्या प्रश्नाला सुपरवायझर अडखळला की चिथावणी कंपनीच्याच साक्षीदाराच्या तोंडून रेकॉर्डवर येते. दिवसाच्या शेवटी कामकाजाची प्रत वाचल्याशिवाय सही करायची नाही. उत्तर चुकीचं टिपलं असेल तर सहीजवळच तसं लिहायचं. आणि चौकशीवर बहिष्कार टाकायचा नाही. गेटवर त्याला शूरपणा म्हणतात, पण चौकशी एकतर्फी पूर्ण होते आणि त्यातल्या एकाही वाक्याला उत्तर उरत नाही.

निलंबनकाळात निर्वाह भत्ता मिळतो: पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, त्यानंतर उशीर कामगारामुळे झाला नसेल तर ७५ टक्के. पगार १८,००० असेल तर ९,००० आणि मग १३,५००. या काळात दुसरीकडे नोकरी करत नाही असं लिहून द्यावं लागतं. रात्री रिक्षा चालवून लिहून दिलं तर तेच नवं गैरवर्तन होतं. भत्ता मिळाला नाही तर प्रत्येक तारखेला लेखी हरकत नोंदवायची. कोलारच्या भारत गोल्ड माइन्स प्रकरणात १९९९ साली, भत्ता न मिळाल्यामुळे प्रवासाला पैसे नाहीत म्हणून चौकशीला येऊ न शकलेल्या कर्मचाऱ्याची बडतर्फी रद्द झाली. त्यात आणखी एक भाग होता: त्याच घटनेवरच्या फौजदारी खटल्यात तो निर्दोष सुटला होता आणि पुरावाही तोच होता. यावरून ‘कोर्टात सुटलो की नोकरी परत’ असा नियम मात्र काढू नये. सामान्यतः दोन्ही प्रक्रिया आपापल्या वाटेनं जातात.

चौकशीचा अहवाल विरोधात गेला तर त्याची प्रत मागायची. शिक्षेआधी ती देणं बंधनकारक आहे (करुणाकर प्रकरण, १९९३). तिच्यावरचं उत्तर ही फाइलमध्ये माणूस घालायची शेवटची जागा. आरोप पुन्हा नाकारण्यात पानं घालवू नयेत. सेवेची वर्षं, बक्षिसाची किंवा शाबासकीची पत्रं, आजारपणाचे कागद, त्याच घटनेतल्या दुसऱ्या कुणाला नुसती ताकीद दिली असेल तर त्याची नोंद, हे सगळं इथे लावायचं. ‘सुपरवायझर बरोबर होता की मी’ हा वाद इथे संपलेला असतो. आता प्रश्न फक्त शिक्षेचा.

बडतर्फीनंतर न्यायालयात जायची मुदत जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात तीन वर्षांची होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन वर्षांवर आली. बडतर्फी जास्त वाटली तर कमी शिक्षा द्यायचा अधिकार १९७१ साली जुन्या कायद्यातल्या कलम ११-अ नं न्यायालयाला दिला होता, तो नव्या संहितेतही आहे. स्थायी आदेशांचा विषय मात्र बदलला. संहितेनुसार ते ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू आहेत. लहान कारखान्यात ‘कोणतं कलम?’ हा प्रश्न विचारायला कलमच नसेल, पण म्हणणं ऐकून घेण्याची जबाबदारी तिथेही सुटत नाही.

इथवर एकट्या माणसाची गोष्ट झाली. समूहानं नियम मोडला की सहानुभूतीचं वजन एकदम वाढतं, पण तेही न्यायालयात कमी आणि वाटाघाटीच्या टेबलावर जास्त. एसटीचा संप आठवा. ऑक्टोबर २०२१ अखेर सुरू झाला, मागणी शासनात विलीनीकरणाची. कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, पगाराचे आकडे लोकांना पहिल्यांदाच कळत होते, आणि ज्यांची एसटी बंद होती तेही म्हणत होते की यांचं खरं आहे. नोव्हेंबरात सरकारनं सेवेच्या टप्प्यांनुसार ५,०००, ४,००० आणि २,५०० रुपयांची मूळ पगारवाढ जाहीर केली. लोकांच्या सहानुभूतीची किंमत पैशात मोजायचीच तर मला ती इथे दिसते. संप तरीही चालू राहिला. मग निलंबनं आणि बडतर्फ्या सुरू झाल्या. खेड्यातली मुलं शाळेला चालत किंवा वडापनं जाऊ लागली, परीक्षा तोंडावर आल्या, आणि तीच माणसं ‘आता पुरे’ म्हणू लागली. ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं २२ एप्रिलपर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि हजर होणाऱ्यांची नोकरी वाचवली. विलीनीकरण मिळालं नाही. दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, मुंबईत शरद पवारांच्या ‘सिल्व्हर ओक’ या घरावर आंदोलक चालून गेले आणि शंभराहून जास्त जणांना अटक झाली. आदल्या दिवशी न्यायालयानं नोकरीचं दार उघडलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या त्या तासाभरानं काही जणांच्या नावावर फौजदारी खटला चढवला.

तमिळनाडूत २००३ साली संपावर गेलेल्या सुमारे १ लाख ७० हजार सरकारी कर्मचाऱ्यांना सरकारनं एका फटक्यात घरी बसवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं त्यात संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्कच नाही असं म्हटलं. तो निकाल सरकारी कर्मचाऱ्यांच्या संदर्भातला, पण प्रत्येक कंपनीचा वकील तो खिशात घेऊन फिरतो. बहुतेक लोक परत घेतले गेले ते लेखी माफी आणि पुन्हा असं न करण्याची हमी देऊन. मुंबईच्या गिरणी संपात, १८ जानेवारी १९८२ पासून, अडीच लाखांच्या आसपास कामगारांच्या मागे गिरणगाव, भाजीवाले आणि खानावळीसुद्धा उधारी सोसून उभ्या राहिल्या. तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. सहानुभूती होती, टेबलावर ती वटवायची वेळ निघून गेली.

संपाचे आजचे नियम थोडक्यात. संहितेनुसार कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी, पूर्वी हे बंधन फक्त सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांना होतं. सरकारी अधिकाऱ्यापुढे समेटाची बोलणी चालू असताना आणि त्यानंतरचे ७ दिवस संप नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तीही संपच. ‘आम्ही संपावर नाही, रजेवर आहोत’ ही जुनी शक्कल संपली. बेकायदा संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड, किंवा महिनाभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. प्रत्यक्षात दुखतं ते पगारात. दहा किंवा जास्त जण संगनमतानं, नोटीस न देता गैरहजर राहिले तर गैरहजेरी एका दिवसाची असली तरी आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. केळावाला प्रकरणात बँक कर्मचाऱ्यांचा संप फक्त चार तासांचा होता, बँकेनं पूर्ण दिवसाचा पगार कापला आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयानं ते योग्य ठरवलं. घेरावाबद्दल तर बोलायलाच नको. १९६७ सालीच कलकत्ता उच्च न्यायालयानं सांगितलं आहे, की युनियनला कायद्यानं दिलेलं संरक्षण माणसाला कोंडून ठेवण्याला लागू होत नाही.

हात उचलला गेला की सगळं गणित बदलतं. मारुतीच्या मानेसर कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी वाद पेटला, आग लागली, मनुष्यबळ विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. त्याआधी वर्षभर तिथल्या कामगारांच्या बाजूनं देशभर लिहिलं जात होतं: विश्रांतीची मोजकी मिनिटं, कंत्राटी कामगारांचा पगार, युनियन नोंदवण्याचा झगडा. त्या एका संध्याकाळनंतर ती भाषा जवळपास थांबली. १४८ जणांवर खटला चालला. मार्च २०१७ मध्ये ३१ दोषी ठरले, त्यातल्या १३ जणांना जन्मठेप झाली आणि ११७ जण निर्दोष सुटले. निर्दोष सुटलेल्यांतल्या अनेकांनी वर्षानुवर्षं तुरुंगात काढली होती आणि त्यांची नोकरी कधीच गेलेली होती. जमावात नुसतं उभं असणाऱ्यांचं काय होतं, याचं उत्तर त्या ११७ च्या आकड्यात आहे. सरकारी नोकरीत तर ४८ तासांहून जास्त अटकेत राहिलं की निलंबन झालंच असं मानलं जातं, वेगळी चौकशी लागत नाही.

शेवटी पैशाची एक गोष्ट, जी कामगाराला फार उशिरा कळते. भविष्य निर्वाह निधीला कंपनी हात लावू शकत नाही. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. सेवा दंगेखोर, बेशिस्त वर्तन किंवा हिंसक कृत्यामुळे संपवली असेल तर ती पूर्ण किंवा अंशतः जप्त करता येते, आणि मालमत्तेचं नुकसान केल्यामुळे संपवली असेल तर त्या नुकसानीएवढी. म्हणून चार्जशीटमधले ‘अंगावर धावून गेलात’ हे तीन शब्द वीस वर्षांच्या ग्रॅच्युइटीवर टांगलेले असतात. समेट करायची वेळ आली की लोक एकरकमी आकड्याकडे बघून सही करतात. त्याआधी कागदावर सेवासमाप्तीचं कारण काय लिहिलंय ते बघा. ‘बडतर्फ’ खोडून ‘राजीनामा’ किंवा ‘परस्पर संमतीने सेवा समाप्त’ केलं आहे का, ग्रॅच्युइटीची रक्कम वेगळ्या ओळीत आहे का, चार्जशीट मागे घेतल्याचं वाक्य आहे का, पोलीस तक्रार असेल तर तिचं काय करायचं ते लिहिलं आहे का, आणि सेवा प्रमाणपत्र किती दिवसांत मिळणार. यातलं एखादं राहिलं असेल तर आकडा कितीही गोड असो, पेन खाली ठेवा आणि ते वाक्य घालून घ्या.